वजन नंतर सांगतो, आधी बसलाय कुठे ते बघू

एका प्रोटीनचं वजन केलं, एका व्हायरसचं वजन केलं अशा बातम्या अधूनमधून येतात आणि वाचणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की अरे पण काटा कुठला? उत्तर असं की काटा नाहीच, एक थरथरणारी पट्टी आहे, डोळ्याला अजिबात न दिसणारी. बहुतेक बातम्या इथेच थांबतात. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे, कारण नुसती थरथरणारी पट्टी घेतली तर ती वजन सांगतच नाही, किंवा सांगते पण चुकीचं सांगते. ती एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे थरथरायला लागली की मग कुठे आकड्यावर भरवसा ठेवता येतो. असं का, ते आज बघू.

## काट्याशिवाय वजन

अंतराळात वजनकाटा चालत नाही, माणूस तरंगतोच. मग अंतराळवीराचं वजन कसं घेतात? १९७३ साली स्कायलॅबवर यासाठी एक स्प्रिंगची खुर्ची होती. तिच्यात बसायचं, खुर्ची मागे-पुढे हलायला लागते आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. माणूस जड असेल तर हेलकावे संथ, हलका असेल तर भराभर. बस, एवढंच. वेळ मोजला की वजन कळलं. (शास्त्राचे शिक्षक इथे कान पकडतील, कारण हे वजन नाही, वस्तुमान आहे. बरोबर आहे त्यांचं, पण बोलताना आपण वजनच म्हणतो आणि मी पण पुढे तेच म्हणणारे.)

इथे झोक्याचं उदाहरण देऊ नका हं, बरेच जण देतात. झोक्यावर जाडा बसो की बारीक, झोका तेवढाच वेळ घेतो. स्प्रिंगच पाहिजे, किंवा स्प्रिंगसारखी वाकून परत येणारी पट्टी.

आता ही खुर्ची लहान करत करत न्या. पार मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सिलिकॉनची एक बारीक पट्टी, दोन्ही टोकं घट्ट धरलेली, मधला भाग हवेत, म्हणजे खरंतर व्हॅक्यूममध्ये, कारण हवा असली तर ती थरथर लगेच शमवून टाकते. या पट्टीला म्हणतात रेझोनेटर, म्हणजे आपल्या ठरावीक तालात थरथरणारी वस्तू. सेकंदाला किती वेळा थरथरते त्याला फ्रिक्वेन्सी, ती मोजायची हर्ट्झमध्ये. एखादा कण येऊन चिकटला की पट्टी तेवढी जड होते आणि फ्रिक्वेन्सी किंचित पडते.

## किंचित म्हणजे किती?

आकडे घेऊनच बोलू, नाहीतर हे सगळं हवेत राहतं.

समजा पट्टी १० मायक्रोमीटर लांब, ३०० नॅनोमीटर रुंद, १०० नॅनोमीटर जाड (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). सिलिकॉनची घनता माहीत आहे, गुणाकार केला की पट्टीचं वजन येतं साधारण ०.७ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. अशी पट्टी सेकंदाला साधारण एक कोटी वेळा थरथरते, म्हणजे १ कोटी हर्ट्झ.

रेणूंचं वजन डाल्टनमध्ये सांगतात. कार्बनच्या अणूचे बारा भाग केले की त्यातला एक म्हणजे एक डाल्टन, ढोबळमानाने एका हायड्रोजन अणूएवढं. आपल्या रक्तातली आयजीएम नावाची मोठी अँटीबॉडी नऊ लाख डाल्टनच्या वर भरते. आता समजा ४.२ लाख डाल्टनचा एक कण आपल्या पट्टीवर बसला. पट्टीच्या वजनाच्या तो बरोबर दहा लाखावा भाग आहे. बरोबर मध्यावर बसला तर फ्रिक्वेन्सी १ कोटीतून १० हर्ट्झने पडेल.

१ कोटीत १०. ऐकायला काहीच वाटत नाही, पण माणसाला जर कशाचं अचूक मोजमाप जमलं असेल तर ते फ्रिक्वेन्सीचं आणि वेळेचं, त्यामुळे हे १० हर्ट्झ पकडणं आता अवघड राहिलेलं नाही. पट्टी जितकी हलकी तितकी ही पडझड मोठी, म्हणून तर सगळे तिला लहान करायच्या मागे लागलेत. २०१२ साली बार्सिलोनातल्या गटाने पट्टीच्या जागी १५० नॅनोमीटर लांबीची कार्बन नॅनोट्यूब लावली आणि १.७ योक्टोग्रॅमपर्यंत पोचले. योक्टोग्रॅम म्हणजे ग्रॅम भागिले एकावर चोवीस शून्य. एक प्रोटॉन १.६७ योक्टोग्रॅमचा असतो, म्हणजे त्यांची अचूकता एका प्रोटॉनपर्यंत गेली.

मग झालं की काम? नाही ना. वरच्या वाक्यात मी हळूच एक गोष्ट घुसवली, "बरोबर मध्यावर बसला तर".

## खरी गोची

एक दार घ्या, साधं घरातलं. एक भरलेली पिशवी कडीला अडकवा आणि दार ढकला, जड जातं. तीच पिशवी बिजागरीजवळ कुठेतरी अडकवा आणि ढकला, फारसं काही जाणवणार नाही. पिशवी तीच, वजन तेच, पण कडेला दार भरपूर हलतं म्हणून पिशवीलाही भरपूर हलवावं लागतं आणि बिजागरीपाशी दार हलतच नाही, त्यामुळे पिशवीचा भार कुणाला नाही. आता डोळे मिटून दार ढकलणाऱ्याला विचारा, पिशवी किती किलोची? त्याला सांगताच येणार नाही. कडेला लहान पिशवी आणि आत मोठी पिशवी, हाताला दोन्ही सारखंच लागतं.

पट्टीचं अगदी तसंच आहे. दोन्ही टोकं धरलेली, म्हणजे तिथे हालचाल शून्य, मध्यावर सगळ्यात जास्त. ताणलेल्या तारेचं गणित सोपं आहे म्हणून तेच वापरतो (खऱ्या पट्टीचे आकडे थोडे वेगळे येतात, गोष्ट तीच). मध्यावर बसलेल्या कणाने जर १० हर्ट्झची पडझड होत असेल तर तोच कण टोकापासून पाव अंतरावर बसला तर फक्त ५ हर्ट्झ होते. आणि दुप्पट वजनाचा कण त्या पाव अंतरावर बसला तर? पुन्हा १० हर्ट्झ. यंत्राला दिसले १० हर्ट्झ, आता हा हलका कण मध्यावर आहे की जड कण बाजूला आहे? काही पत्ता नाही.

इथे कुणीही म्हणेल की मग मध्यावरच टाका ना कण. टाकायचा कसा? एका प्रोटीनला चिमट्यात धरून दहा मायक्रोमीटरच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर ठेवणं होत नाही. कणांचा एक फवारा सोडतात, त्यातला जो जिथे बसेल तो तिथे. २००९ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या गटाने एकेक प्रोटीन पट्टीवर बसताना पकडून दाखवलं, पण फक्त एकाच प्रकारची थरथर वापरून. त्यामुळे एका कणावरून काहीच ठरवता येत नव्हतं, शेकडो कण बसू द्यायचे, सगळ्या पडझडींचा ढीग करायचा आणि ढिगाच्या आकारावरून संख्याशास्त्र लावून वजन काढायचं. चालतं, पण मग "एका रेणूचं वजन" या म्हणण्याला अर्थ काय उरला?

## दुसरी थरथर कामाला येते

गिटार वाजवणाऱ्यांना ही गोष्ट बोटांनी माहीत असते. तार नुसती छेडली तर ती दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी अख्खी वर-खाली होते, हा झाला पहिला मोड. मोड म्हणजे थरथरायची एक ठरावीक तऱ्हा, बाकी काही नाही. आता तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून छेडा, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. घंटेसारखा बारीक, वरच्या सप्तकातला स्वर येतो. बोटाने पहिला मोड मारला आणि दुसरा शिल्लक राहिला, ज्यात तारेचा डावा अर्धा वर असताना उजवा अर्धा खाली असतो आणि मध्य जागचा हलत नाही. शाळेच्या पुस्तकात या न हलणाऱ्या जागेला निस्पंद बिंदू म्हणायचे, पाठ करून विसरून गेलेला शब्द, पण इथे सगळा खेळ त्याचाच आहे.

कारण बघा, कण मध्यावर बसला तर पहिल्या मोडला तो सगळ्यात जास्त जाचतो आणि दुसऱ्या मोडला कळतसुद्धा नाही. पाव अंतरावर बसला तर उलटं, पहिल्याला अर्धाच भार आणि दुसऱ्याला पूर्ण, कारण दुसरा मोड तिथेच सगळ्यात जास्त हलतो. म्हणजे दोन मोडना एकाच कणाबद्दल विचारलं तर दोघं वेगवेगळी उत्तरं देतात, आणि त्या दोन उत्तरांचं गुणोत्तर फक्त जागेवर ठरतं. वजन दुप्पट केलं तर दोन्ही पडझडी दुप्पट होतील, गुणोत्तर तेच राहील. आधी गुणोत्तरावरून जागा काढायची, जागा कळली की वजन आपोआप.

करून बघू. पहिला मोड १ कोटी हर्ट्झचा, दुसरा २ कोटींचा. एक कण बसला, पहिला ७.५ हर्ट्झने पडला आणि दुसरा १५ हर्ट्झने. आपापल्या फ्रिक्वेन्सीच्या हिशेबात दोन्ही पडझडी सारख्याच, दहा लाखात ०.७५. म्हणजे गुणोत्तर १. तारेच्या गणितात गुणोत्तर १ येतं ते फक्त टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर (मध्यावर ० येतं, पाव अंतरावर २, एक-षष्ठांशावर ३). त्या जागी पहिल्या मोडला कणाच्या पाऊण भाराचाच त्रास होतो, म्हणून ०.७५ भागिले पाऊण, उत्तर १. कण पट्टीच्या दहा लाखावा भाग, म्हणजे आपला मघाचाच ४.२ लाख डाल्टनवाला. सापडला.

एकाच टोकाला धरलेल्या पट्टीवर, डायव्हिंग बोर्डासारख्या, एकापेक्षा जास्त मोड वापरून कणाची जागा आणि वजन दोन्ही काढायचं काम डेन्मार्कमधल्या गटाने २००७ मध्येच दाखवलं होतं. एकेका प्रोटीनपर्यंत ते पोचलं २०१२ मध्ये, कॅलटेक आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सीईए-लेती या संस्थेने मिळून. त्यांनी आयजीएमचे रेणू एकेक करून तोलले, जसा बसला तसा हिशेब, ढीग जमवायची गरज नाही.

एक अडचण हुशार वाचकाच्या लक्षात आली असेल, की एक-तृतीयांश डावीकडून की उजवीकडून? दोन्ही टोकं सारखी धरलेल्या पट्टीला ते कळत नाही, तिच्यासाठी डावं-उजवं आरशातल्यासारखं एकच. पण वजनाच्या हिशेबात फरक पडत नाही, दोन्हीकडून तेच उत्तर येतं, त्यामुळे बिनधास्त सोडून द्या.

## पण एकाच वेळी दोन प्रकारे थरथरणार कशी?

थरथरते की. छेडलेल्या तारेत नेहमीच अनेक मोड एकावर एक स्वार झालेले असतात, म्हणून तर एकच स्वर असूनही गिटार आणि व्हायोलिन वेगळे ओळखू येतात. पट्टीला दोन फ्रिक्वेन्सींनी एकदम हलवायचं आणि प्रत्येक मोडच्या मागे एकेक सर्किट लावून द्यायचं, जे सतत त्या मोडच्या तालाला चिकटून राहतं आणि ताल सरकला की आपणही सरकतं.

फार जोरात मात्र हलवायचं नाही. जोरात हलली की पट्टी स्वतःच ताणली जाते आणि मग एका मोडच्या जोरामुळे दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी बदलते, कण आलेला नसताना. फार हळू हलवली तर सिग्नल गोंधळात बुडून जातो. या दोन्हीच्या मधली जागा अरुंद आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं कौशल्य तिथेच लागतं, गणितात नाही.

## तापमान बदललं तर?

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो. पट्टी थोडी तापली की तिचा ताण ढिला पडतो आणि फ्रिक्वेन्सी पडते. कण नाही, काही नाही, तरी पडते. आणि ताण बदलला की सगळे मोड एकाच प्रमाणात सरकतात, म्हणजे पहिला जेवढा टक्का तेवढाच टक्का दुसरा. म्हणजे गुणोत्तर १. म्हणजे आपलं मघाचं गणित छातीठोकपणे सांगणार की एक-तृतीयांशावर कण बसलाय, आणि वजन पण सांगणार! कणच नाही तिथे.

बरेचदा यातून सुटका होते कारण तापमान सावकाश बदलतं आणि कण बसतो तो एका क्षणात, आलेखावर एक रेषा उतरणीसारखी दिसते आणि दुसरी पायरीसारखी. फक्त पायऱ्या मोजायच्या. पण ज्याला पूर्ण खात्री हवी त्याने तिसरा मोड लावावा. तिसऱ्या मोडमध्ये तारेचे तीन भाग होतात आणि न हलणाऱ्या जागा येतात बरोबर एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशावर. म्हणजे तिथे खरंच कण बसला असेल तर तिसरा मोड जागचा हलणार नाही, आणि तापमानाची लबाडी असेल तर तिसराही बाकीच्यांबरोबर पडेल. पहिले दोन साक्षीदार एकच खोटं बोलत होते, तिसऱ्याने पकडून दिलं.

## कण म्हणजे ठिपका नसेल तर?

आत्तापर्यंत आपण धरून चाललो की कण एका बिंदूवर बसतो. पण अख्खा बॅक्टेरिया बसला तर तो ठिपका कसा म्हणणार, तो पट्टीच्या बऱ्याच भागावर पसरतो.

समजा प्रत्येक मोड पट्टीवरच्या जागांना मार्क देतो. पहिला मोड मध्याला भरपूर मार्क देतो, टोकांना शून्य. दुसरा मध्याला शून्य, पाव अंतराला भरपूर. आता या मार्कांची ठरावीक प्रमाणात बेरीज-वजाबाकी करून असं मिश्रण बनवता येतं की पट्टीच्या एका पट्ट्यात सगळीकडे सारखेच मार्क पडतात. या मिश्रणातून आलेला आकडा म्हणजे सरळ एकूण वजन, कण कसाही पसरलेला असो. दुसरं मिश्रण असं की मार्क एका बाजूकडून दुसरीकडे सारखे वाढत जातात, त्यातून कळतं वस्तूचं केंद्र कुठे आहे. तिसऱ्यातून कळतं ती किती पसरलीय, पुढच्यातून एका बाजूला कललीय का. जितके मोड जास्त तितके असे आकडे जास्त, आणि शेवटी वजनाबरोबर आकाराचाही अंदाज येतो. २०१५ मध्ये कॅलटेकच्याच लोकांनी हे मांडलं आणि नाव दिलं इनर्शियल इमेजिंग. प्रकाश न वापरता, नुसतं थरथरवून वस्तूचा आकार!

यात अजून एक पेच आहे. वस्तू चिकटली की पट्टी जड होते हे खरं, पण वस्तू कडक असेल तर ती पट्टीला वाकू देत नाही, आणि कडक पट्टी जास्त वेगाने थरथरते. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर वाकणाऱ्या जागी चिकटपट्टीचे चार थर लावून बघा, वाकवायला जोर लागतो. म्हणजे वजन फ्रिक्वेन्सी खाली ओढतं आणि कडकपणा वर ढकलतो. एकाच टोकाला धरलेल्या पट्टीवर धरलेल्या टोकाजवळ तर हालचाल जवळपास नसते आणि वाकणं सगळ्यात जास्त, तिथे बसलेला कण फ्रिक्वेन्सी वाढवतोसुद्धा. एकाच मोडवर विसंबलेल्याला वाटेल की कणाचं वजन उणे आलं. माद्रिदच्या गटाने २०१६ मध्ये हाच त्रास कामाला लावला, अनेक मोड घेऊन अख्ख्या बॅक्टेरियाचं वजन आणि कडकपणा दोन्ही वेगवेगळे काढले.

## नेहमीचं मास स्पेक्ट्रोमीटर काय वाईट आहे?

वाईट नाही, हलक्या रेणूंसाठी तेच वापरा. पण ते यंत्र वजन मोजत नाही, वजन भागिले विद्युतभार मोजतं, त्यासाठी रेणूला आधी भारित करावं लागतं. मोठ्या कणावर किती भार चढला हे प्रत्येक कणागणिक बदलतं आणि व्हायरसएवढ्या आकाराला पोचेपर्यंत ते उलगडणं जिकिरीचं होतं. थरथरत्या पट्टीला विद्युतभाराशी देणंघेणं नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या गटाने टी-५ नावाच्या, बॅक्टेरियाला मारणाऱ्या व्हायरसची डीएनए भरलेली कवचं अशाच पट्ट्यांवर तोलली, साधारण १०५ मेगाडाल्टन, म्हणजे साडेदहा कोटी डाल्टन, आणि तीही भार न चढवता.

## दोन कण एकदम बसले तर?

तर घोटाळाच. दोन मोड मिळून एक खोटा कण दाखवतील, कुठल्या तरी तिसऱ्याच जागी. म्हणून फवारा इतका विरळ ठेवतात की दोघे एकाच क्षणी यायची शक्यता नगण्य राहील. एकामागून एक आलेले चालतात, आधीचा तिथेच चिकटलेला असला तरी मोजायची असते ती नवी पायरी. पार टोकाला बसलेले कण सरळ काढून टाकतात, कारण तिथे दोन्ही मोडची पडझड इतकी बारीक असते की गुणोत्तराला काही अर्थ राहत नाही.

आणि विरळ फवाऱ्यामुळे दुसरंच दुखणं उभं राहतं. दहा मायक्रोमीटर लांब आणि ३०० नॅनोमीटर रुंद, निशाणा एवढाच. सोडलेल्या कणांपैकी बहुतेक सगळे तिच्या बाजूने निघून जातात, कुठेतरी भिंतीला लागतात आणि मोजलेच जात नाहीत. म्हणून आता एका पट्टीऐवजी एका चिपवर पट्ट्यांची रांगच्या रांग लावतात, प्रत्येकीची फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी वेगळी ठेवून, म्हणजे कण कुठल्याही पट्टीवर पडला तरी कुठली पट्टी सरकली ते लगेच ओळखता येतं.